कानामागचे ठिपके

मामांना पहिले ठिपके दिसले ते एका रोजच्या गिऱ्हाइकाच्या कानामागे. दाढी झाली होती, मानेवरची रेष सरळ करायची म्हणून मामांनी त्याचा कान पुढे दुमडला आणि वस्तरा हातातच राहिला. कानामागच्या वळचणीत खसखस सांडावी तसे काळे बारीक ठिपके दाटले होते. मधूनमधून पिवळट गाठी. लाली नाही, पू नाही.

"दुखतं का रे?"

"छे. मामा, पोरं कॉलेजात गेली माझी, आणि आता मला मुरुम! बायको म्हणते, कुणासाठी नटताय?"

सलून खदखदून हसलं. मामाही हसले, पण त्या दिवशी त्यांनी तो वस्तरा दोनदा धुतला.

गल्लीत लहानथोर सगळे त्यांना मामाच म्हणत. खाली सलून, वर दोन खोल्या. वर मामा, त्यांची लेक, जावई आणि चिमणी नावाने हाक मारली जाणारी नात. जावई सासऱ्याच्या घरी राहतो म्हणून खुर्चीतली मंडळी त्याची टर उडवत आणि तो ऐकून घेई. दिवसभर कोपऱ्यावरच्या शेडमध्ये जुने ट्रान्सफॉर्मर फोडून तांबं काढलं की माणसात भांडायचं त्राण उरत नाही. संध्याकाळी तो तेलाने माखलेल्या निळ्या डांगरीतच जिना चढायचा आणि चिमणी धावत जाऊन त्याच्या पायांना मिठी मारायची. मग ती खाली यायची. खुर्चीच्या हातांवर मामा फळी टाकत, तिच्यावर चढून बसत ती आजोबांना फर्मान सोडायची, "मामा, कटिंग!" मोठी माणसं करतात तसा स्वतःचा कान बोटाने पुढे दुमडून मान वाकवायची. मामा कंगव्याची उलटी बाजू फिरवत आणि बिल म्हणून एक पापी घेत.

मग दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या कानामागे तेच दिसलं. मग तिसऱ्याच्या, तेही डोळ्यांच्या कडांपर्यंत. सगळे शेडमधलेच होते, पण मामांच्या डोक्यात शेड आलीच नाही. त्यांच्या डोक्यात एकच आलं, की हे सगळे माझ्या खुर्चीत बसतात. ब्लेड ते दर माणसाला नवं लावत, पण ब्रश तोच आणि टॉवेलही तेच. मागच्या गल्लीतल्या सलूनमधून कुणाला तरी दाढीत खरूज लागल्याची आवई उठली होती, आणि आज त्या गाळ्यात मोबाईलची कव्हरं विकतात.

कुणाला विचारायची सोय नव्हती. विचारलं की बोभाटा होणार. मामा मूग गिळून कामाला लागले. जुने ब्रश फेकले, तुरटीचे खडे बदलले. टॉवेल आजवर लॉन्ड्रीत जात, पण आता त्यांचा लॉन्ड्रीवरही विश्वास उरला नाही. सगळा ढीग उचलून त्यांनी वर नेला.

लेक मोरीत बसली होती. समोरच्या मोठ्या पातेल्यात सोड्याच्या कढत पाण्यात नवऱ्याच्या डांगऱ्या भिजत होत्या, आणि पाण्यावर तेलाचा तवंग होता.

"हे चांगले उकळून काढ गं."

"ठेवा तिथे. वेगळं पाणी तापवते."

"वेगळं कशाला? त्यातच टाक. उकळतंय की चांगलं."

लेकीने टॉवेल आत लोटले आणि ओल्या मनगटाने गाल खाजवला. "बाबा, मी परत वयात आले वाटतं. बघा ना, डोळ्याच्या बाजूला काय आलंय."

"क्रीमं कमी थाप," मामा म्हणाले आणि जिना उतरले. गिऱ्हाइकांच्या भीतीने त्यांना इतकं घेरलं होतं की लेकीच्या गालाकडे नीट बघायचंही राहून गेलं.

त्यानंतर प्रकरण थांबायच्या ऐवजी वाढलं. एका शाळामास्तरांच्या जबड्यावर ठिपके आले. बँकेतल्या कारकुनाच्या मानेवर आले. ही माणसं शेडच्या वाऱ्यालाही उभी राहत नव्हती. आता तर शंकाच नको, मामांना वाटलं, आपलंच सलून. एके सकाळी तोंड धुताना त्यांचं बोट स्वतःच्या कानामागे गेलं आणि तिथे खरखरीत लागलं. मामांची पाचावर धारण बसली.

कुणी ओळखू नये म्हणून ते बस पकडून शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. डॉक्टरीणबाईंनी दिवा जवळ ओढला आणि त्यांचा कान पुढे दुमडला. आयुष्यभर दुसऱ्यांचे कान दुमडणाऱ्या मामांना ती बोटं गार लागली.

"कुठल्या कारखान्यात आहात?"

"कारखाना नाही. सलून आहे माझं." आणि मग मामांना राहवेना. "मॅडम, माझ्या हातून पसरलंय हो हे. गिऱ्हाइकांना, मास्तरांना. वस्तऱ्याने पसरलं असेल, नाहीतर ब्रशने."

"मुरुम वस्तऱ्याने पसरत नाहीत, काका. एकाचे दुसऱ्याला लागतच नाहीत." त्या शांतपणे म्हणाल्या. "बाहेर तो मुलगा बसलाय ना, त्याचे लाल, दुखरे आहेत. त्या वयात त्वचेतलं तेल वाढतं, छिद्रं तुंबतात, सुजतात. मलम लावायचं, काही महिने धीर धरायचा आणि फोडायचे नाहीत. कुणाला नुसते कपाळावर येतात, डोक्याला थापलेल्या तेलाने. ते तेल बंद केलं की जातात. दाढीचा केस आत वळून फोड येतात, ते तर मुरुमच नव्हेत. ते तुम्ही रोज बघत असाल."

मामांचा जीव भांड्यात पडला. त्यांना चक्क हसू फुटलं. दुकान वाचलं, नाव वाचलं.

"पण तुमचे यातले नाहीत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "लाली नाही. कानामागे नुसते काळे ठिपके आणि गाठी. डोळ्यांच्या कडेलाही येतात असे. काही रसायनं अंगात गेली की असं होतं. तपासल्याशिवाय पक्कं सांगणार नाही. ही तुमची गिऱ्हाइकं काय काम करतात?"

"बरीचशी... जुने ट्रान्सफॉर्मर फोडतात."

त्यांचं लिहिणं थांबलं. "जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलात विष असू शकतं. त्वचेतून आत जातं आणि अंगात साठून राहतं. यावर मलम नंतर. पहिला उपाय म्हणजे त्या तेलापासून लांब राहणं. मग रक्त, यकृत, सगळं तपासायचं. चेहऱ्यावर दिसतं ते थोडं असतं. तुम्ही जाता का त्या शेडमध्ये?"

"कधीच नाही."

"आणि ते मास्तर?"

"तेही नाहीत."

"मग ते तेल तुमच्या सलूनमध्ये आलं कसं?"

मामांनी उत्तर शोधलं आणि त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू आला. वेगळं कशाला, त्यातच टाक.

"टॉवेल," ते कसेबसे म्हणाले. "जावयाच्या डांगऱ्यांबरोबर धुतो. म्हणजे लेक धुते."

"हाताने?"

"हाताने."

"तिला काही आलंय का चेहऱ्यावर?"

मामा खुर्चीतून उठून उभे राहिले. का उठलो हे त्यांनाही कळलं नाही.

"उद्या सगळ्यांना घेऊन या," त्या म्हणाल्या. "तोवर त्या कपड्यांना आणि टॉवेलांना कुणी हात लावायचा नाही. घरात लहान मूल आहे का?"

मामांनी मान डोलावली.

"मग तिला आधी."

'तिला' म्हणायला डॉक्टरीणबाईंना कुणी सांगितलं, हा वेडा विचार घेऊन मामा बसमध्ये बसले. त्या लेकीबद्दलच बोलल्या असतील. घरातलं मूल मुलगी आहे हे तर त्यांना ठाऊकच नव्हतं. वस्तराच असता तर किती बरं झालं असतं! दुकान बुडालं असतं, लोकांनी शिव्या घातल्या असत्या, एवढंच. सकाळी ज्या गोष्टीने त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं, तीच आता ते मागत होते.

ते पोचले तेव्हा लेक सलूनमध्ये नुकते सुकलेले टॉवेल मांडणीवर रचत होती आणि चिमणी त्यातला एक गालाला लावून उभी होती. मामांनी तो हिसकावून घेतला. चिमणीचा ओठ थरथरला.

"अहो बाबा, काय झालं?"

मामांनी लेकीला दिव्याखाली ओढलं आणि तिचा कान पुढे दुमडला.

"गुदगुल्या होतात," लेक हसली. मग आरशात तिला बापाचा चेहरा दिसला आणि हसू विरलं. कानामागून पार मानेपर्यंत खसखस पसरली होती. डोळ्याच्या कडेला पिवळट गाठी होत्या, महिनाभर क्रीमखाली झाकलेल्या.

"बाबा, काय आहे हे? लागट आहे का?"

"नाही गं," मामा म्हणाले. "लागट असतं तर बरं."

मागे फळी वाजली. रुसवा विसरून चिमणी खुर्चीवर चढली होती. फळी तिने स्वतःच ओढून टाकली होती.

"मामा, आता माझा नंबर."

तिने बोटाने आपला कान पुढे दुमडला आणि मान वाकवली. लेकीने तोंडावर हात ठेवला. मामांना पळून जावंसं वाटलं, बसमध्ये, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. त्यांनी खुर्चीवरचा दिवा खाली ओढला. चिमणी शहाण्या गिऱ्हाइकासारखी अजिबात न हलता बसून राहिली, आणि मामा खाली वाकले.