मागच्या खोलीची कडी

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी कडी आहे. कडीला कसलं आलंय आयुष्य, असं म्हणाल. पण जरा ऐकून तर घ्या!

लोहाराने मला तापवून ठोकलं आणि एका शिंप्याने घरात बसवलं. पुढे दुकान, मागे राहायची खोली, मधल्या दाराला बाहेरून मी. कपडे घालून बघायची जागा शेजारीच. गिऱ्हाइकं चुकून मागच्या खोलीत घुसत, म्हणून माझी नेमणूक. "ही आहे म्हणून अब्रू झाकलेली आहे," असं मास्तर म्हणायचे. मी फुशारून जायचे.

मग मास्तरांच्या घरी ढब्बू जन्मला. तिरपे डोळे, लुळी मान, जीभ सदा बाहेर. डॉक्टरीणबाईंचं बोलणं त्याची आई मास्तरांना पुन्हा पुन्हा ऐकवायची, "गुणसूत्र एक जास्त आलंय. त्यात ना माझा दोष, ना तुमचा. हृदयाला भोक आहे, तेवढं जपायचं. निळा पडला तर धावत न्यायचं."

मास्तरांना मात्र लोक काय म्हणतील याचीच धास्ती. गिऱ्हाईक दिसलं की, "आत जा गं त्याला घेऊन!" आणि खट्! मी लागायचे.

"अहो, निदान कडी तरी नको. जीव गुदमरतो माझा."

"आणि कुणी चुकून दार उघडलं म्हणजे?"

मला स्वतःहून सरकता येत नाही, मित्रांनो. मायलेकरं आत अडकलेली आणि मी बाहेर अडकलेली. फार लाज वाटायची.

एका दुपारी मास्तरांची आणि कारागिराची, अशा दोन्ही मशिनी धडधडत होत्या. आतून थापा पडू लागल्या. "अहो, उघडा! हा निळा पडलाय!" मी जिवाच्या आकांताने खुळखुळले; पण मशिनींपुढे माझं कोण ऐकणार? ऐकलं ते कपडे घालून बघणाऱ्या एका बाईंनी. टाचण्या लावलेल्या बाहीनिशी त्या धावल्या आणि मला खसकन ओढलं.

"अहो मास्तर, बघत काय बसलात? गाडी बोलवा!"

ढब्बू वाचला, बरं का! घरी येताच त्याची आई म्हणाली, "आधी ती कडी काढा." मास्तरांनी पेचकस घेतला. "एक गिऱ्हाईक जाईल म्हणून पोरगं घालवत होतो मी," म्हणाले आणि ढसाढसा रडले.

आता मी दुकानातल्या भंगाराच्या डब्यात आहे. मित्रांनो, चोराचिलटाच्या भीतीने कड्या जरूर लावा. लेकरू झाकायला लावू नका. परवाच एका नव्या गिऱ्हाइकाने विचारलं, "हे बाळ असं का हो?"

"असाच आहे तो. आमचा ढब्बू," मास्तर म्हणाले. "जरा घेता का त्याला? तेवढ्यात तुमची बटणं लावून देतो."