शेवटच्या घराचे चाळीस

सरकारचा नियम साधा होता. घरात ब्रॉडबँड पोचलं, की टेलिफोनची जुनी तार काढून टाकायची. पोचलं की नाही, हे तपासनीसानं घरी जाऊन, यंत्र लावून, वेग मोजून ठरवायचं आणि कागदावर सही करायची. आता नियम करणारे काही चढ चढत नाहीत. त्यामुळे गल्लीतलं शेवटचं घर चढावर असलं, की अलीकडच्या घराचाच आकडा त्याच्यापुढे लिहायचा, अशी कार्यालयाची रीत पडली होती. शितावरून भाताची परीक्षा, दुसरं काय!

आपल्या तपासनीसानंही तेच केलं. चाळीस एमबीपीएस लिहिले, सही ठोकली आणि आल्या पावली परतला. ते शेवटचं घर त्याच्या मावशीचं होतं. आई गेल्यावर तिनंच त्याला लहानाचा मोठा केला होता. पण वर गेलं, की दोन तास सुटका नाही. शिवाय रोज अकराला तिचा कार्यालयात फोन यायचाच. "जेवलास का रे, बाळ्या?" अकराला कोण जेवतं! सगळे फिदीफिदी हसायचे.

तार निघाली आणि फोन बंद झाले. खोटं कशाला बोला, त्याला हायसं वाटलं. कार्यालयातल्या पडद्यावर प्रत्येक घराचा वेग रोज आपोआप उमटायचा. मावशीच्या घरापुढे अकराच्या ठोक्याला चाळीस यायचे. म्हणजे नेट चालू, मावशी मजेत.

विसाव्या दिवशी सकाळी मागचे आकडे चाळताना त्याच्या लक्षात आलं, की बाकीची घरं अडतीस, एकेचाळीस, तेहतीस अशी वरखाली होतात. मावशीचे चाळीस हलतच नाहीत. त्यानं वायरमनला गाठलं.

"चढावरच्या घराला नवी केबल ओढलीस ना?"

"कुठली केबल, साहेब? आम्ही फक्त जुनी काढली. म्हातारी आधी भांडायला उठली होती. मग कागदावरची तुमची सही दाखवली. तर म्हणाली, बाळ्याची सही आहे ना, मग बरोबरच असेल."

यंत्राची पिशवी उचलून तो धावतच सुटला. खांबावरून घराकडे काहीही जात नव्हतं. भिंतीशी जुन्या तारेचं तुटकं टोक लोंबत होतं. दार नुसतं लोटलेलं होतं. मावशी फोनपाशी खुर्चीत बसली होती, रिसीव्हर मांडीवर. तिला जाऊन बरेच दिवस झाले होते.

तो तिच्या पायाशी बसला आणि हमसून हमसून रडला. तेवढ्यात पिशवीतलं यंत्र वाजलं. अकरा वाजले होते. यंत्रावर चाळीस.

मांडीवरच्या रिसीव्हरमधून बारीक आवाज येत होता. त्यानं तो कानाला लावला.

"बाळ्या? जेवलास का रे?"

"मावशी, मी इथंच आहे. मी आलोय गं."

"हॅलो? हॅलो? आवाजच येत नाही बाई." मग ती स्वतःशीच म्हणाली, "असू दे. कामात असेल. उद्या करते."