राखीव हात

बेसबॉलमध्ये राखीव पिचरचं, म्हणजे राखीव चेंडूफेक्याचं नशीब कुणाच्या तरी फजितीवर चालतं. पहिला पिचर मार खायला लागला की याची आठवण होते; तोवर मैदानाच्या कडेला, जाळीच्या कुंपणाआड शेंगदाणे सोलत बसायचं. प्रोस्पेरो मान्योनने अशी कितीतरी वर्षं काढली होती. उन्हाळ्यात मेक्सिको, अमेरिकेतली आडगावं, जो बोलावील तो संघ. हिवाळ्यात आपलं गाव, सान पेद्रो. आता चाळिशी दारात आली होती आणि येत्या उन्हाळ्यासाठी कुणाचंच बोलावणं नव्हतं.

त्या रविवारी दुपारी कुंपणाला खेटून लिबोरियो येऊन बसला. मेक्सिकोच्या एका संघासाठी खेळाडू पारखणारा माणूस. हातात खिम्याचा गरम किपे, नजर प्रोस्पेरोवर. याने नेलं तर आणखी एक उन्हाळा, नाही तर कारभार आटोपला, हे प्रोस्पेरोला पक्कं कळलं होतं.

तिसऱ्या डावात कुंपणातला फोन वाजला. मॅनेजरचा हुकूम: म्हाताऱ्याला हात गरम करू दे. त्याने केला, आणि त्याला परत बसवलं. पाचव्यात पुन्हा तेच. हात गरम करायला टाकलेले हे चेंडू कुणी मोजत नाही, म्हणून मुरलेले पिचर ते निम्म्या जोराने टाकतात. प्रोस्पेरोही टाकायचा. पण आज लिबोरियो बघत होता ना! मग एकेक चेंडू जीव खाऊन टाकला. मूर्खपणा चाललाय हे कळत होतं, तरी टाकला.

"कोंपाद्रे, जरा दमानं घे," समोर चेंडू झेलणारा तोरीबियो म्हणाला. तो प्रोस्पेरोच्या मुलीचा धर्मपिता. बाप्तिस्म्यापासून दोघं एकमेकांना कोंपाद्रेच म्हणत. "मला मारायला निघालायस काय?"

"तू गप झेल."

आठव्या डावात एकाच धावेची आघाडी उरली. तिन्ही बेसवर समोरच्या संघाची माणसं, दोन बाद. पुन्हा उठायचा हुकूम आला. प्रोस्पेरोने चार चेंडू टाकले आणि कोपरात सुरी फिरली. चौथा चेंडू तर तोरीबियोपर्यंत पोचायच्या आधीच जमिनीवर आपटला.

फोन परत वाजला. अशा वेळी हात कसा आहे हे पिचरला कुणी विचारत नाही, झेलणाऱ्याला विचारतात. पिचर खोटं बोलणार हे जगजाहीर आहे.

तोरीबियोने फोनवर तळवा दाबला. "हात गेलाय तुझा. मी सरळ सांगतो."

"सांग. आणि परत माझ्या घराची पायरी चढू नकोस."

तोरीबियो तळवा काढून म्हणाला, "तयार आहे."

प्रोस्पेरो मैदानात चालत निघाला तसा प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडलं, "अरे, आजोबांना खुर्ची द्या!" सगळे खिदळले.

त्याने चेंडू टाकला. कोपरात काहीतरी तटकन तुटलं. चेंडू इतका रखडत गेला की वेगाची वाट बघणारा फलंदाज फसला. त्याने घाईने बॅट फिरवली, चेंडू उंच उडाला आणि दुसऱ्या बेसवाल्याने तो आरामात झेलला. आघाडी वाचली. मघाशी खुर्ची मागणारेच आता प्रोस्पेरोच्या नावाचा जयघोष करत होते.

सामना जिंकल्यावर लिबोरियो खाली उतरून आला. "काय डोकं चालवलंस, गड्या! त्याला पार उल्लू बनवलंस. उद्या ये, सही करून टाकू." त्याने हात पुढे केला.

प्रोस्पेरोने उजवा हात उचलायला बघितलं. तो मांडीजवळच लोंबत राहिला. त्याने हसून डावा पुढे केला. त्याला इतकी भीती आजवर कुठल्याच मैदानात वाटली नव्हती.

लिबोरियोने हसतच तो डावा हात धरला. मग त्याची नजर खाली गेली. तोही कधीकाळी पिचर होता. बराच वेळ त्याने हात सोडला नाही.

"फार चांगला पिचर होतास तू, प्रोस्पेरो," तो म्हणाला. उद्याचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही.