विहारातली दुपारची झोप

पंचशीलाने झोपायचं कुठे, यावर माणिकरावांच्या घरात महिनाभर खल चालला होता. बीडला कृषी खात्यात नोकरी करणारी ही थोरली लेक लांब पल्ल्याच्या सायकल शर्यतीत उतरणार होती. सामान सायकलला बांधायचं, पुण्याहून निघून नांदेड गाठायचं आणि परत फिरायचं. मदतीला गाडी नाही, मुक्काम ठरवून दिलेला नाही. माणूस झोपला तरी घड्याळ चालूच राहतं. म्हणून केव्हा आणि कुठे झोपायचं, हाच शर्यतीतला खरा डाव.

चैत्रातलं ऊन ध्यानात घेऊन पंचशीलाने रात्री सायकल चालवायची आणि भर दुपारी झोपायचं ठरवलं होतं. सरावात ती मांजरसुंब्याच्या एका ढाब्यावर बाजेवर आडवी झाली होती; पण ट्रकवाल्यांच्या वर्दळीत एकट्या बाईचा डोळा कसा लागावा? त्यापुढे वाटेवर नांदूरघाट, म्हणजे तिचंच गाव. आणि नेमकं तेच चालत नव्हतं. जे सगळ्या स्पर्धकांना मिळू शकत नाही, ते कुणीही घ्यायचं नाही, असा नियम होता.

"लेकीनं दारावरून जायचं अन् घोटभर पाणी बी प्यायचं न्हाई? असला कसला नेम गं?" भीमाबाई म्हणाल्या.

माणिकराव निवृत्त वायरमन. नियम धाब्यावर बसवणारा माणूस खांबावरून खाली येतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. त्यांनी लेकीकडून तो नियम पुन्हा वाचून घेतला आणि म्हणाले, "मग सगळ्यांनाच मिळंल असं करू की. आपल्या वस्तीतला विहार रस्त्यालाच हाय, त्यो उघडा ठिवू."

विहाराच्या मंडळींनी होकार दिला. सर्व स्पर्धकांना आधी कळवा, वागणूक सारखी ठेवा, मग हरकत नाही, असं आयोजकांनीही सांगितलं. पंचशीलाने मात्र वर स्वतःची अट घातली.

"माझ्याआधी तिथं दुसरं कुणी झोपलेलं असंल, तरच मी झोपंन, आबा. न्हाईतर लोक म्हणतील, बापानं लेकीसाठी मांडव घातला. मी सरळ पुढं जाईन."

पुढे अंबाजोगाईपर्यंत नुसतं ऊन होतं.

त्या दिवशी सकाळपासून विहारात चटया अंथरल्या होत्या, बायकांसाठी एका बाजूला पडदा बांधला होता, पिठलं-भाकरी तयार होती. पहिले दोघे स्पर्धक हात हलवून निघून गेले. तिसऱ्याने बाटली भरली आणि तोही थांबला नाही.

"काय बे माणिक, पाव्हणे रुसले का?" शेजारच्या हरिबांनी टोमणा मारला.

मोबाईलवरच्या शर्यतीच्या नकाशावर पंचशीलाचा ठिपका जवळ सरकत होता. कुणी थांबलं नाही तर न झोपलेली लेक उन्हात पुढे निघून जाणार, या विचाराने माणिकराव दोनदा रस्त्यापर्यंत जाऊन आले.

तेवढ्यात एक तरुण सायकलवरून उतरला. चकलांब्याचा विजयसिंह, पुढारी बागायतदारांच्या घरातला. नोकरीत असताना त्या घरच्या विहिरीवरची लाईन माणिकरावांनी कितीदा जोडली होती. पाणी मात्र आपल्याच बाटलीतलं प्यायलं होतं.

"काका, झोपायची सोय हितंच हाय ना?"

"हितंच. या."

तो बूट काढून आत आला, रांजणातलं पाणी पोटभर प्याला, दोन भाकरी खाऊन आडवा झाला. थोड्याच वेळात त्याचं घोरणं दारापर्यंत ऐकू येऊ लागलं. भीमाबाईंनी तोंडाला पदर लावून हसू दाबलं. माणिकराव उंबऱ्याशी ताठ बसले. दार उघडा म्हणणं पिढ्यान् पिढ्या त्यांच्या वाट्याला आलं होतं. दार उघडून बसणं आज आलं.

पंचशीला आली ती ओठ फुटलेली, डोळे खोल गेलेली. आईकडे पाहण्याआधी तिने पायरीवरच्या बुटांकडे पाहिलं.

"कोण हाय आत?"

"चकलांब्याचा गडी. लई घोरतोय," भीमाबाई म्हणाल्या.

पंचशीला हसली आणि तिथेच पायरीवर टेकली. तिच्याही पानात तेच पिठलं, तीच भाकरी पडली. जेवण होताच माणिकरावांनी सवयीने तिची बाटली भरायला उचलली. तिने ती हळूच त्यांच्या हातातून काढून घेतली आणि स्वतः भरून आणली. माणिकरावांना वाईट वाटलं नाही. उलट ऊर भरून आला. पडद्याआड जाऊन ती चटईवर टेकली, आणि ओढणी डोळ्यांवर घ्यायच्या आत झोपली.

हरिबा आता आवाज खाली आणून विचारू लागले, "तुझी लेक कितवी हाय म्हणायची?"

"म्हाईत न्हाई," माणिकराव म्हणाले. वळणावर आणखी तीन सायकली दिसत होत्या. "तू जरा सरकून बस बे. त्यांना सायकली सावलीला लावायच्या हायेत."