लाभ, दोन, तीन

तराजूपाशी बसून कोणी "लाभ" म्हणालं की माझ्या काळजात अजून लक्कन हलतं. बाजारात हलतं, वर्गात तर हलतंच. मग मी स्वतःवरच चिडते. अगं बाई, नाशकात भाजीवाल्यांची काय कमी आहे? मोजताना कित्येक जण एकच्या जागी लाभ म्हणतात. लाभ म्हणणारी प्रत्येक बाई तुझी मालन थोडीच असणार!

मालन ही माझी सातवीतली जोडीदारीण. साल नव्वद. आमचे वाल्मीक सर बीजगणित आधी फळ्यावर शिकवायचेच नाहीत. जोडीजोडीला एक तराजू, थोड्या गोट्या आणि गोट्यांच्या बंद पुड्या. सगळ्या पुड्यांत सारख्याच गोट्या, पण किती ते सांगायचं नाही. पुडी म्हणजे क्ष. डाव्या पारड्यात तीन पुड्या, दोन गोट्या. उजव्यात एक पुडी, आठ गोट्या. दांडी बरोब्बर आडवी. आता पुडी न सोडता आत किती ते ओळखा. नियम एकच. एकीने डावीकडून जे उचललं तेच दुसरीने उजवीकडून उचलायचं, आणि तेही एकदम. कोणी जरा घाई केली की पारडं धाडकन खाली, आणि सर ओरडलेच, "मेलं रे समीकरण!"

बाकीच्या जोड्या "एक, दोन, तीन" म्हणून उचलायच्या. आमच्यात मालन नुसतं "लाभ" म्हणायची, की दोघींचे हात वर. तिची आई कोथिंबिरीच्या जुड्या तशाच मोजायची. "एक म्हणू नये गं भागे," मालन मला बजावायची, "एक म्हटलं की माणूस एकटं पडतं." एवढं मोठं भाग्यश्री म्हणायचा तिला कंटाळा यायचा.

एकदा सरांनी फळ्यावर नुसता क्ष काढला आणि विचारलं, "याच्याआधी अंक कोणता?" सगळा वर्ग ओरडला, शून्य. मीसुद्धा. मालन म्हणाली, "लाभ." पोरं खो खो हसली. सर मात्र म्हणाले, "बरोबर बोलली. लिहिला नाही तरी तो असतो."

आठवीला मालन आलीच नाही. घोटीला तिची मावशी बाळंतीण होती, तिच्या हाताखाली म्हणून धाडली ती धाडलीच. पुढे लग्नही तिकडेच झालं म्हणे. निरोप नाही, पत्ता नाही. सरांनी मला दुसरी जोडीदारीण दिली. पोरगी हुशार होती, पण मेलीचा हात नेहमी माझ्याआधी उठायचा. मला मालनच हवी होती. अजूनही हवी आहे, सांगायला लाज कसली?

आता दोन हजार आठ. त्याच शाळेत, सरांच्याच तराजूंवर मी बीजगणित शिकवते. यंदा सातवीत दिशा नावाची नवी मुलगी आली. पहिल्याच तासाला पारड्यावर वाकून म्हणाली, "लाभ!"

"कोणाची गं तू?" मी सवयीने विचारलं.

"आम्ही घोटीहून आलो, मॅडम. पप्पा द्वारका चौकात टेम्पो लावतात."

"आणि आई? आईचं नाव काय?"

"मालन."

मी घाईघाईने म्हटलं, "आईला म्हणावं, उद्या मॅडमनी बोलावलंय. नक्की यायचं." घरी जाऊन मी साडी कोणती नेसू याचाच विचार करत बसले, इतकी खुळी!

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती आली. चपला दाराबाहेर काढल्या. अंगाने भरली होती, पण ते मिचमिचे डोळे तेच.

"नमस्कार मॅडम. पोरीनं काय खोडी केली का?"

"मालन, अगं मी! भागी!"

"माहिती हे ना. दिशानं नाव सांगितलं तव्हाच ओळखलं." ती पदर सावरत भिंतीकडे बघायला लागली. "पण तुम्ही आता मॅडम झाल्या."

तुम्ही! इतकी वर्षं वाट बघून पदरात पडलं काय, तर तुम्ही! अस्सा संताप आला मला, आणि रडूही. बस म्हटलं तर बसेना. चहा म्हटलं तर "कशाला मॅडम". ही आता अशीच चपला घालून जाणार, हे मला दिसत होतं.

मग मी बोलायचंच सोडलं. तराजू टेबलावर मांडला. डावीकडे तीन पुड्या, दोन गोट्या. उजवीकडे एक पुडी, आठ गोट्या. मी डावीकडच्या खुर्चीत बसले आणि समोरची खुर्ची तशीच रिकामी ठेवली.

तिने एकदा तराजूकडे, एकदा त्या खुर्चीकडे बघितलं. मग हळूच येऊन बसली. मी माझ्या पुडीवर हात ठेवला, तिने तिच्या.

"लाभ," ती पुटपुटली.

तिचा हात वर गेला. माझा जागचा हलेना. डोळे भरून आलेले, पुडी दिसेल तर ना! माझं पारडं धाडकन आपटलं, गोट्या टेबलभर पळाल्या.

"अगं ए भागे!" मालन खेकसली. "लाभ म्हटलं ना मी? ध्यान कुठंय तुझं?"