न उसवलेली शिवण

प्रेमापोटी घडलेल्या अपराधाला जग सहज क्षमा करते. ज्या देहाने तो अपराध सोसला, त्याला मात्र कुणी विचारीत नाही.

मोटारींच्या आसनांची कव्हरे शिवणारा एक कारागीर होता. दुकान लहान, कीर्ती मोठी. यंत्रावर वाकून वाकून त्याच्या पाठीला बाक आला होता. परंतु त्याने घातलेला टाका उसवल्याची तक्रार घेऊन कधी कुणी आले नव्हते, आणि ही गोष्ट गिऱ्हाइकाच्या कानावर घातल्याविना तो कात्री हाती घेत नसे.

त्याच्या मुलीला नोकरी लागली, वाहनाचा परवाना मिळाला, आणि घरात गाडीचा विषय निघाला. बापाच्या मनात जुनी, थोराड गाडी होती. पत्रा जाड तर जीव सुरक्षित, हा त्याचा सिद्धान्त. मुलीने मात्र गाड्या मुद्दाम आदळवून पाहणाऱ्यांचे निकाल बारकाईने वाचले होते. गाडी लहान असली तरी चालेल, पण पाच तारे मिळालेलीच हवी. नवशिक्या हातांना तीच बरी, असे तिचे म्हणणे.

"तारे आपटल्यावर दिसतात म्हणे. तू आधीच मोजून बसलीस," बाप म्हणाला. आईलाही हसू आले. अखेर गाडी मुलीच्याच पसंतीची आली.

सुटीच्या दिवशी ती दुकानासमोर लावून बाप कव्हरे बेतायला बसला. लेकीसाठी म्हणून जाड कापड, दुहेरी अस्तर, काठाला गोट. चालकाच्या आसनाला, दाराकडच्या अंगाला, एक चिमुकली पट्टी होती: आत हवेची पिशवी आहे, धक्का बसताच ती येथून बाहेर येते, हे सांगणारी. मुलीने तिच्यावर बोट ठेवले.

"बाबा, ही बाजू उघडी ठेवा. नाहीतर इथे कच्चा टाका घाला, धक्क्याने उसवेल असा."

कच्चा टाका हे शब्द त्या दुकानात शिवीसमान होते. स्वतःच्या पोरीच्या गाडीत कच्चे काम केले तर लोक तोंडात शेण घालतील, असे तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद तिला मोडवेना. तिने बोट उचलले. पट्टी दुहेरी शिवणीखाली गेली.

पुढे एका चौकात, सिग्नल तोडून आलेली गाडी तिच्या दारावर आदळली. चूक तिची नव्हती. गाडीचा सांगाडा तगला, डोके वाचले. पण बरगड्या मोडल्या, एकीचे टोक फुप्फुसात रुतले, आणि उजवा हात पूर्वीसारखा उचलता येईल याची हमी डॉक्टरांनी दिली नाही.

गॅरेजवाल्याने बापाला बोलावून आसन दाखवले. कव्हराखाली पिशवी फुगू पाहून तिथेच चेपून राहिली होती. शिवणीचा एक टाका हलला नव्हता. गॅरेजवाला जुना मित्र. नजर चुकवीत तो एवढेच म्हणाला की पाच तारे मिळवताना जी गाडी आदळवली, तिच्या आसनावर कव्हर नव्हते.

रुग्णालयात आई भेटायला येणाऱ्यांना सांगत होती, की गाडीचा चेंदामेंदा झाला, पण ह्यांच्या कव्हराला ओरखडा नाही. बाप पलंगाच्या पायथ्याशी उभा होता. मुलीने श्वास जपत डोळे उघडले.

"उसवलं नाही ना, बाबा?"

"नाही."

"वाटलंच," ती म्हणाली, आणि मान भिंतीकडे वळवली.

आता तो जुन्या गिऱ्हाइकांना बोलावतो आणि ब्लेडने आपलीच शिवण उसवून देतो. काही येतात. बरेचजण हसून टाळतात. इतके पक्के काम कशाला बिघडवायचे, असे विचारतात. मुलगी घरी आली आहे. बापाशी ती कामापुरते बोलते.

जे आले नाहीत, त्यांचे मार्ग निर्वेध असोत. त्या मुलीचा श्वास मोकळा होवो. आणि तिच्या मनात क्षमा उगवायचीच असेल, तर ती तिच्याच वेळेला उगवो.