विदा केंद्र

गेटवरच्या रखवालदाराला, शिवपुत्रला वाटलं, बाई रस्ता चुकल्यात. पण केसरबाईंनी पाटीकडे बोट दाखवलं. निळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत ‘विदा केंद्र’ लिहिलं होतं.

“हितंच यायचं हुतं,” त्या म्हणाल्या. “माज्या दिपकला विदा करायचंय.”

केसरबाई सोलापुरात एका दवाखान्यात आया होत्या. तिथल्या मुसलमान बायका मयत नेताना ‘विदा करो’ म्हणत, तेव्हापासून तो शब्द त्यांच्या कानात बसला होता. नोकरीभर त्यांनी मेलेल्या परक्यांचे डोळे मिटले, हनुवट्या बांधल्या. करोनात त्यांचा स्वतःचा मुलगा दिपक दुसऱ्या दवाखान्यात वारला, तेव्हा मात्र प्लास्टिकात गुंडाळलेलं काहीतरी त्यांना लांबून दाखवण्यात आलं. परवा मैंदर्गीला जाताना एसटीतून ही पाटी दिसली. उशिरा का होईना, सरकारने सोय केली, असं त्यांना वाटलं.

शिवपुत्र हसला नाही. विदा म्हणजे माहिती, आपण डेटा म्हणतो तो, असं त्याने समजावलं. जागा बघायला आलेले साहेब बोलत होते तेही सांगितलं: खाली एकसंध काळा कातळ, समुद्र लांब, हवा कोरडी, वर्षभर ऊन. अशा जागी यंत्रं टिकतात. आत माणूस जवळजवळ नसतोच. लोकांचे फोटो, आवाज, निरोप असतात.

“मेलेल्यांचे बी?”

“ते कोण काडतंय, अव्वा. ऱ्हात्यात की.”

“दिपकचा आवाज?”

नाही म्हणणं सोपं होतं, पण ते त्याच्याने झालं नाही. “असंल,” शिवपुत्र म्हणाला.

केसरबाई इमारतीकडे बघत राहिल्या. तिला एकही खिडकी नव्हती. आतली घरघर कानांपेक्षा दातांत जास्त जाणवत होती.

“मंजी गेलाच न्हाय त्यो,” त्या म्हणाल्या. “मला भिंतीपातूर सोड. एकडाव ‘जा’ म्हणते, मग तुला तरास न्हाय.”

कॅमेरे होते, नोकरी नवी होती. तरी तो त्यांना इमारतीमागे घेऊन गेला. तिथे भिंतीतल्या लोखंडी जाळीतून आतली हवा बाहेर पडत होती. सकाळ शाल पांघरण्याइतकी गार होती. ही हवा मात्र गरम होती आणि एका लयीत येत होती. केसरबाईंनी बोलायला तोंड उघडलं आणि थांबल्या. कपाळाला लावतात तसा उलटा हात त्यांनी जाळीला लावला.

“ताप हाय की अजून.”

यंत्रं अशीच तापतात, हे शिवपुत्र सांगणार होता. त्याचाही हात नकळत जाळीकडे गेला, आणि त्याने तो झटकन मागे घेतला.

केसरबाईंनी पिशवीतून बाटली काढली, पदराचं टोक भिजवून पिळलं आणि जाळीवर दाबून धरलं. ते बघता बघता वाळलं. त्यांनी पुन्हा भिजवलं. ‘जा’ काही त्या म्हणाल्या नाहीत.

बाटली संपली तेव्हा शिवपुत्रने केबिनमधला पाण्याचा जार उचलून आणला आणि त्यांच्याशेजारी ठेवला.